सोसुसव्लेच्या वाळूच्या टेकड्या आणि तिथला लॉजचा मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामिबियातील सोसुसव्लेला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल अशा रीतीने लिहिले आहे. जिथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर निदान पाचवा प्रश्न तरी वाचावा, कारण लॉजचे आरक्षण करण्यापूर्वी तो वाचला नाही तर पुढे बहुतेक गोष्टी दुरुस्त करता येत नाहीत.

१. सोसुसव्ले नेमके कुठे आहे आणि तिथे पाहायचे काय?

सोसुसव्ले हे नामिबियाच्या नमिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात, राजधानी विंडहुकपासून सुमारे ३५० किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. त्साउखाब नावाची बहुतेक काळ कोरडी असणारी नदी समुद्राकडे निघते, पण वाळूच्या टेकड्यांनी वाट अडवल्यामुळे येथेच संपते. तिच्या शेवटच्या टप्प्यात चिकणमातीचे जे पांढरट, सपाट खळगे तयार झाले आहेत, त्यांपैकी एक सोसुसव्ले आणि दुसरा डेडव्ले. उद्यानाचे प्रवेशद्वार सेसरिम येथे आहे. तिथून टेकड्यांच्या दोन रांगांमधून सुमारे ६० किलोमीटरचा डांबरी रस्ता आत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या टेकड्या हेच इथले मुख्य दर्शन आहे. सेसरिमजवळ त्याच नदीने कोरलेली सुमारे एक किलोमीटर लांबीची अरुंद घळ आहे. ती काही ठिकाणी ३० मीटर खोल असून दुपारच्या उन्हात तिथे सावली मिळते. या संपूर्ण वाळूच्या प्रदेशाला युनेस्कोने २०१३ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान दिले.

२. आम्ही जैसलमेर पाहिले आहे. मग एवढ्या लांब जाऊन वेगळे काय दिसणार?

दोन्ही वाळवंटे आहेत, एवढेच साम्य धरावे. थरचे वाळवंट माणसांनी भरलेले आहे. तिथे गावे, शेळ्यामेंढ्या, गाणी आणि उंट हे सर्व वाळूइतकेच महत्त्वाचे आहे आणि त्याची बरोबरी नमिब करू शकत नाही. नमिबमध्ये माणसाची वस्ती जवळपास नाहीच. टेकड्यांवर उंटाची फेरी नाही, जीप चढवणे नाही, खाद्यपदार्थांचे ठेले नाहीत. त्याऐवजी उंची आहे. डेडव्लेच्या शेजारची ‘बिग डॅडी’ ही टेकडी सुमारे ३२५ मीटर उंच आहे.

रंगाचे आणि उंचीचे कारणही पाहण्यासारखे आहे. ऑरेंज नदीने दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातून वाहून आणलेली वाळू समुद्रात पडते, किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे सरकते आणि पुढे वारा तिला जमिनीवर आत ढकलतो. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असल्यामुळे तिला लाल रंग येतो. वाळू जितकी जुनी तितका हा थर दाट, म्हणून किनाऱ्याजवळच्या टेकड्या फिकट आणि आतल्या, जुन्या टेकड्या गडद तांबूस दिसतात. सोसुसव्लेच्या परिसरात वारा वर्षभर एकाच दिशेने वाहत नाही. त्यामुळे टेकडी एका बाजूला सरकत जाण्याऐवजी अनेक धारांची, चांदणीच्या आकाराची होऊन वर वाढत जाते.

३. मे महिन्याच्या सुट्टीत जावे की दिवाळीत?

मे महिन्यात. तिथे तो पावसाळा संपून कोरडा हिवाळा सुरू होण्याचा काळ असतो, दिवस उबदार आणि पहाट गार असते, आणि आपल्या शाळांच्या सुट्टीशी तो नेमका जुळतो. जून ते ऑगस्ट हेही चांगले महिने आहेत, फक्त रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास उतरू शकते. दिवाळीच्या सुमारास उन्हाळा लागलेला असतो आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत दुपारचा पारा ४० अंशांपर्यंत जाऊ शकतो. दिवाळीतच जाणे भाग असेल तर टेकडी चढण्याचे सर्व बेत सकाळी नऊच्या आत संपतील असे आखावेत. आकाशदर्शनाची आवड असणाऱ्यांनी मात्र तारीख ठरवताना दिनदर्शिकेत अमावास्या पाहावी. चंद्र नसलेल्या रात्री तिथे आकाशगंगेचा पट्टा कोणत्याही उपकरणाविना स्पष्ट दिसतो. सेसरिमच्या दक्षिणेकडील नमिबरँड हे खासगी अभयारण्य २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेले क्षेत्र आहे.

४. मुंबईहून पोहोचायचे कसे, आणि व्हिसाचे काय?

बहुतेक प्रवासी जोहान्सबर्ग किंवा इथिओपियातील अदिस अबाबा येथे विमान बदलून विंडहुकला उतरतात. तिथला विमानतळ शहराच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे, त्यामुळे दुपारी उतरून त्याच दिवशी सेसरिम गाठण्याचा हट्ट धरू नये. अंधारात खडीच्या रस्त्यावर गाडी चालवणे धोक्याचे आहे, कारण हरणे आणि गुरे अचानक आडवी येतात. पहिली रात्र विंडहुकला काढून सकाळी निघावे. वाटेत थांबे धरून पाच ते सहा तास लागतात.

नामिबियाने १ एप्रिल २०२५ पासून व्हिसाच्या व्यवस्थेत मोठे बदल केले आहेत. म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये आणि तिकीट काढण्यापूर्वी नवी दिल्लीतील नामिबियाच्या उच्चायुक्तालयाकडून चालू नियम पाहून घ्यावेत. मुले बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले जवळ बाळगावेत. अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी प्रश्न १५ अवश्य वाचावा.

५. ‘फाटकाच्या आत’ आणि ‘फाटकाच्या बाहेर’ राहण्यात एवढा काय फरक पडतो? लॉज तर एकमेकांपासून काही किलोमीटरवरच दिसतात.

नकाशावर अंतर थोडे दिसते, पण सेसरिमला एकामागून एक दोन फाटके आहेत आणि त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. बाहेरचे फाटक सूर्योदयाला उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते. आतले फाटक सूर्योदयाच्या साधारण एक तास आधी उघडते आणि सूर्यास्तानंतर साधारण एक तासाने बंद होते. मात्र ही सवलत केवळ बाहेरच्या फाटकाच्या आत मुक्काम असलेल्यांना मिळते. सरकारी सेसरिम कॅम्पसाइट आणि सोसुस ड्यून लॉज ही अशी आतली ठिकाणे होत.

याचा प्रत्यक्ष अर्थ असा की, आत राहणारा माणूस अंधार असतानाच निघतो, सुमारे ४५ किलोमीटरवरच्या ‘ड्यून ४५’ या टेकडीपाशी उजाडायच्या आत पोहोचतो आणि पहिली किरणे पडताना टेकडीच्या धारेवर बसलेला असतो. बाहेर राहणाऱ्याची गाडी त्या वेळी फाटकासमोरच्या रांगेत उभी असते. संध्याकाळी हाच हिशेब उलटा लागतो. डेडव्लेहून सेसरिमला परतायला, वेगमर्यादा पाळून, एक तासाहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे बाहेर मुक्काम असलेल्यांना सूर्य टेकड्यांवर असतानाच, म्हणजे सावल्या लांब होऊन रंग सर्वांत गडद होऊ लागतात नेमक्या त्याच वेळी, माघारी वळावे लागते. फाटक बंद होण्याच्या वेळेबाबत सूट मिळत नाही आणि ती मागूही नये.

सूर्योदय हाच तुमच्या प्रवासाचा हेतू असेल तर आतच राहावे, भले खोली साधी असो किंवा तंबूत झोपावे लागो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आतली जागा मोजकी असल्यामुळे आरक्षण अनेक महिने आधी करावे लागते. ते मिळाले नाही तर निराश होण्याचेही कारण नाही. बाहेरच्या लॉजमध्ये सोयी बहुधा अधिक चांगल्या असतात, काही महागड्या लॉजना उद्यानात शिरायला स्वतःचे वेगळे फाटक आहे, आणि प्रवेशद्वारापासून अगदी थोड्या अंतरावर असलेल्या एलिम टेकडीवरून सूर्यास्त पाहून वेळेत बाहेर पडता येते. शिवाय सकाळी उशिरा पोहोचूनही डेडव्ले चांगलेच दिसते. त्याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

आरक्षण करताना एक फसगत टाळावी. अनेक लॉजच्या नावांत ‘सोसुस’, ‘नमिब’ किंवा ‘ड्यून’ हे शब्द आहेत, पण त्यांतील काही फाटकापासून पन्नास-साठ किलोमीटर दूर आहेत. नावावर न जाता ‘सेसरिमच्या फाटकापासून किती किलोमीटर, आणि आत की बाहेर?’ एवढाच प्रश्न लेखी विचारावा.

६. लॉजमध्ये एक रात्र पुरेशी आहे का?

पुरेशी नाही. एका रात्रीच्या मुक्कामात पोहोचण्याचा दिवस प्रवासात जातो, दुसरी पहाट टेकडीवर जाते, आणि उन्हाने थकलेल्या अवस्थेत पुन्हा पाच तास गाडी चालवावी लागते. दोन रात्री हे किमान प्रमाण धरावे. गरम हवेच्या फुग्यातून टेकड्या पाहायच्या असतील तर तीन रात्री ठेवाव्यात, कारण फुगाही सूर्योदयालाच उडतो आणि त्या दिवशीची टेकडीची पहाट हातची जाते. वारा प्रतिकूल असेल तर उड्डाण दुसऱ्या दिवसावरही ढकलले जाते.

लॉजचा दिनक्रम साधारण ठरलेला असतो. पहाटे चहा आणि बरोबर नेण्यासाठी न्याहारीचा डबा, दुपारी सक्तीची म्हणावी अशी विश्रांती, संध्याकाळी गाडीतून परिसराची फेरी आणि उघड्यावर जेवण. अनेक लॉजजवळ प्राण्यांसाठी पाणवठा केलेला असतो. जेवणाच्या वेळी तिथे ऑरिक्स हे लांब, सरळ शिंगांचे मोठे हरण येते, बराच वेळ स्तब्ध उभे राहून अंदाज घेते आणि मग मान खाली घालते. ते पाहण्यासाठी सूप थंड झाले तरी चालेल. खोलीतले पाणी बहुधा खोल विंधनविहिरींतून येते, म्हणून स्नान थोडक्यात उरकावे.

७. साधी गाडी चालेल का, की फोर बाय फोरच घ्यावी लागेल?

साधी गाडी चालते, पण ६० किलोमीटरच्या डांबरी रस्त्याच्या शेवटी असलेल्या वाहनतळापर्यंतच. त्यापुढचे सुमारे ५ किलोमीटर खोल, मऊ वाळूचे आहेत आणि तिथे फक्त फोर बाय फोर गाड्यांना परवानगी आहे. वाहनतळावरून पुढे नेणारी शटल गाडी शुल्क भरून मिळते.

फोर बाय फोर भाड्याने घेतली असली तरी वाळूत चालवण्याचा सराव नसेल तर शटलनेच जावे. टायरमधील हवा कमी न करता, किंवा मध्येच थांबून पुन्हा वेग घेण्याच्या प्रयत्नात रुतलेल्या गाड्या तिथे नेहमी दिसतात. उंच दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकांवर चालणारी नसते, हेही भाड्याचा करार करताना तपासून घ्यावे.

८. आपला परवाना चालतो का? रस्ते कसे आहेत?

वाहतूक आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, हा मोठा दिलासा आहे. परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. तो आपल्या आरटीओ कार्यालयातून मिळतो आणि एक वर्ष चालतो.

विंडहुक सोडल्यानंतर बराचसा रस्ता खडीचा आहे. रुंद आणि सरळ असल्यामुळे तो वेगाचा मोह पाडतो, आणि येथे पर्यटकांच्या गाड्या उलटण्याचे मुख्य कारण तेच आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये, वळणावर करकचून ब्रेक लावू नये, आणि समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे राहावे, कारण उडालेल्या खड्याने काच तडकते. भाड्याच्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ यांचा समावेश आहे का, हे ओळ न ओळ वाचावे. अनेकदा तो नसतो. शक्य असल्यास दोन जादा टायर मागून घ्यावेत. इंधन वाटेवरच्या सॉलिटेअर या छोट्या वस्तीत आणि सेसरिम येथे मिळते, पण टाकी अर्धी झाली की भरून घेण्याची सवय ठेवावी. सॉलिटेअरला थांबलात तर तिथला प्रसिद्ध ॲपल पाय खाऊनच निघावे.

९. डेडव्लेतील झाडे खरोखर दगड झालेली आहेत का? आणि ते पाहण्याची योग्य वेळ कोणती?

झाडे दगड झालेली नाहीत. ते लाकूडच आहे. पूर्वी त्साउखाबचे पुराचे पाणी या खळग्यापर्यंत येत असे आणि त्या ओलीवर बाभळीच्या कुळातील ‘कॅमल थॉर्न’ ही झाडे वाढली. नंतर हवामान कोरडे होत गेले, वाळूने नदीची वाट बंद केली आणि झाडे उभ्या उभ्या मेली. हे घडून सुमारे ६०० ते ७०० वर्षे झाली असे मानले जाते. म्हणजे आपल्याकडे दख्खनमध्ये बहमनी राजवट उभी राहत होती, साधारण त्या सुमाराची ही गोष्ट. हवा इतकी कोरडी आहे की लाकूड कुजत नाही. उन्हाने मात्र ते काळपट झाले आहे. जवळ जाऊन पाहिल्यास खोडावरील पीळ आणि उभ्या चिरा स्पष्ट दिसतात, आणि पायाखालची पांढरी माती बहुकोनी तुकड्यांत तडकलेली असते.

हा खळगा उंच टेकड्यांनी वेढलेला असल्यामुळे सूर्य उगवल्यानंतरही काही काळ तळ सावलीतच राहतो, तर मागची टेकडी उजळून केशरी झालेली असते. काळी झाडे, फिकट जमीन आणि पेटल्यासारखी टेकडी असे छायाचित्र हवे असेल तर तो थोडाच वेळ हाती असतो. एरवी सकाळी दहापर्यंत केव्हाही जावे.

झाडांना हात लावू नये, त्यांना टेकू नये आणि मुलांना त्यांवर चढू देऊ नये. शेकडो वर्षे टिकलेली फांदी मोडली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. या एका बाबतीत आपल्या गटातील कोणाला टोकावे लागले तरी संकोच करू नये.

१०. कोणती टेकडी चढावी, आणि चढायची कशी?

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी ‘ड्यून ४५’ निवडावी. ती रस्त्यालगत आहे आणि जिथे थकाल तिथे बसले तरी दृश्य मिळते. प्रकृती उत्तम असेल तर ‘बिग डॅडी’ चढावी. तिला एक ते दीड तास लागतो, पण माथ्यावरून थेट डेडव्लेत उतरणारी जी घसरती बाजू आहे, तिच्यावरून मोठमोठी पावले टाकत काही मिनिटांत खाली येता येते.

चढताना नेहमी धारेवरूनच जावे. उतारावर वाळू पायाखालून निसटते, तर धारेवर ती थोडी दाबलेली असते. पुढच्या माणसाच्या पावलांत पाऊल टाकल्यास श्रम आणखी कमी होतात. पहाटे गार वाळूत अनवाणी चालणे सुखाचे असते, पण बूट बरोबर ठेवावेत, कारण उन्हाळ्यात दुपारची वाळू पाय भाजण्याइतकी तापते. माणशी निदान दोन लिटर पाणी न्यावे. धारेवर वाऱ्याबरोबर वाळूचा बारीक पदर सतत उडत असतो, म्हणून कॅमेऱ्याची भिंग तिथे बदलू नये.

११. आईवडील सत्तरीचे आहेत आणि मुले लहान आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, पण टेकडी चढण्याचा आग्रह धरू नये. शटल जिथे सोडते तिथून डेडव्ले साधारण एक किलोमीटर आहे आणि वाटेत मऊ वाळूचा एक छोटा चढ लागतो; तरुण माणसाला वीस-पंचवीस मिनिटे लागत असतील तर ज्येष्ठांसाठी दुप्पट वेळ धरावा. गुडघ्यांचा त्रास असेल तर एक काठी बरोबर असावी. ज्यांना एवढेही चालणे नको, त्यांनी ‘ड्यून ४५’ च्या पायथ्याशी सावलीत बसून चढणाऱ्यांकडे पाहावे. प्रकाश आणि सावलीची सरळ रेघ तिथूनही तितकीच देखणी दिसते. लहान मुलांना वाळू आवडतेच, पण काही लॉजमध्ये ठरावीक वयाखालील मुलांना प्रवेश नसतो, हे आरक्षणापूर्वी विचारावे.

१२. शाकाहारी किंवा जैन जेवण मिळेल का?

शाकाहारी जेवण मिळते, मात्र आधी कळवले तर. नामिबियाचे जेवण मांसप्रधान आहे आणि लॉजमध्ये ऑरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक या हरणांचे मांसही वाढले जाते. किराणा दूरवरून येत असल्यामुळे ऐनवेळी सांगितल्यास पास्ता, भाजलेल्या भाज्या आणि सॅलड एवढ्यावर भागवावे लागते. जैन जेवणासाठी ‘कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखाली वाढणारे काहीही नको, मासे व अंडी नकोत’ असे सविस्तर लिहून पाठवावे, नुसता धर्माचा उल्लेख तिथल्या स्वयंपाक्याला पुरेसा बोध करून देत नाही. खाकरे, भडंग, मेथीचे ठेपले, मेतकूट असे कोरडे पदार्थ जवळ ठेवावेत. ताजी फळे, मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ नयेत.

१३. ‘सफारी लॉज’ म्हणतात, तर मग सिंह आणि हत्ती दिसतील का?

सोसुसव्लेला दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी उत्तरेकडील एतोशा राष्ट्रीय उद्यानात जावे लागते आणि तो वेगळा, लांबचा टप्पा आहे. येथे ऑरिक्स, स्प्रिंगबॉक, शहामृग आणि कोल्हे दिसतात. परंतु या वाळवंटाचे खरे वैभव लहान जिवांमध्ये आहे. सकाळी टेकडीच्या उतारावर शिलाईसारख्या बारीक खुणा दिसतात, त्या काळ्या भुंगेऱ्यांच्या असतात. किनाऱ्याकडच्या भागात यांतील एक जात धुके असताना धारेवर जाऊन डोके खाली आणि पाठ वर करून उभी राहते. पाठीवर जमलेले थेंब ओघळत तोंडापर्यंत येतात आणि पाऊस नसलेल्या प्रदेशात तिला पाणी मिळते. माहीतगार वाटाड्या बरोबर असेल तर हे सारे दिसते. म्हणून एक सकाळ तरी वाटाड्याबरोबर काढावी, असा आमचा आग्रह आहे.

१४. पैसे, प्लग आणि वेळ यांबद्दल थोडक्यात सांगाल का?

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचे मूल्य समान असून नामिबियात दोन्ही चालतात. नामिबियन डॉलर मात्र दक्षिण आफ्रिकेत चालत नाहीत, म्हणून परतताना ते संपवावेत. तिथला नेहमीचा सॉकेट आपल्या गिझरच्या मोठ्या, तीन गोल पिनांच्या प्लगचा आहे. त्यात बसणारा ॲडाप्टर न्यावा. तिथली वेळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे आहे. पहाटेसाठी गरम जाकीट आणि कानटोपी हवी, उन्हाळ्यातही एक स्वेटर असावा.

१५. पीतज्वराची (यलो फीवरची) लस घ्यावी लागते का?

नामिबियात पीतज्वराचा धोका नाही, परंतु इथिओपियात तो आहे, आणि गुंतागुंत तिथेच होते. अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबलेल्या प्रवाशाकडे नामिबिया लसीचे प्रमाणपत्र मागू शकतो. भारताचा नियम परतताना लागू होतो: अदिस अबाबाला संपूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच राहिलात तर सामान्यतः अडचण येत नाही, पण लांब थांब्यात विमान कंपनीने दिलेल्या हॉटेलात शहरात गेलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. फुकट मिळणाऱ्या हॉटेलपायी हे ओढवून घेऊ नये. लस घ्यायचीच असेल तर ती अधिकृत केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनीच लागू होते; साठीच्या पुढील व्यक्तींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

१६. ड्रोन उडवता येतो का? थोडी वाळू आठवण म्हणून आणली तर?

राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय ड्रोन उडवण्यास मनाई आहे आणि हौशी पर्यटकाने तो नेऊच नये. उद्यानातून वाळू, दगड, लाकूड असे काहीही उचलून आणू नये. मळलेली वाट सोडून खडीच्या मैदानात गाडी घालणे हा तर सर्वांत मोठा अपराध समजावा. पाऊस इतका कमी आहे की चाकांच्या खुणा तिथे अनेक वर्षे जशाच्या तशा राहतात.

१७. आम्ही जाऊ तेव्हा सोसुसव्लेत पाणी असेल तर बेत बदलावा का?

बदलू नये, उलट शक्य असल्यास एक दिवस वाढवावा. वरच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला तरच त्साउखाबचा पूर इथवर पोहोचतो आणि अनेक वर्षे तसे घडत नाही. जेव्हा घडते तेव्हा लाल टेकड्यांच्या मध्ये तळे साचते आणि पक्षी येतात. पूर आल्यावर शेवटच्या ५ किलोमीटरचा मार्ग बंद होऊ शकतो, तसेच सेसरिमच्या घळीत उतरण्यास मनाई होते. म्हणून जानेवारी ते एप्रिल या काळात जाणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी प्रवेशद्वाराच्या कार्यालयात चौकशी करूनच पहाटेचा बेत पक्का करावा.